दवबिंदू म्हणजे थेंब की तापमान?

परवा भाचीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो. दवबिंदू म्हणजे काय विचारलं तर तिने पटकन सांगितलं, सकाळी गवतावर असतो ना तो पाण्याचा थेंब. मी म्हटलं बरोबर, आणि मग पुस्तकात बघतो तर दवबिंदू हे चक्क एक तापमान! आम्ही दोघंही गप्प. आता दोन्ही अर्थ बरोबर आहेत का भाषांतर करताना गडबड झालीये? आणि ओघातच अजून एक विचारून घेतो, दव 'पडलं' म्हणतो आपण, पण ते खरंच वरून पडतं का?

—

दोन्ही बरोबर आहेत, आणि घोळ बिंदू या शब्दाचा आहे. संस्कृतात बिंदू म्हणजे मुळात थेंब, मग ठिपका, मग भूमितीतला बिंदू, आणि तिथून उत्कलनबिंदू, गोठणबिंदू असे शब्द बनले, म्हणजे तापमानाच्या पट्टीवरची एक जागा. उत्कलनबिंदू ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे उकळता थेंब येत नाही, पण दवाच्या बाबतीत थेंब आधीच मनात बसलेला असतो त्यामुळे दुसरा अर्थ आत शिरतच नाही. काही पुस्तकांत 'दवबिंदू तापमान' असं लिहितात ते मला चांगलं वाटतं, लांबलचक आहे पण घोळ राहत नाही. द्रवणांक, उत्कलनांक सारखं 'दवांक' म्हटलं तर अजून सुटसुटीत, मी तरी तसंच म्हणतो.

आता अर्थ. एक घनमीटर हवेत 30 अंशाला जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम बाष्प राहू शकतं, 20 अंशाला 17, आणि 10 अंशाला जेमतेम साडेनऊ. समजा आत्ता 30 अंशाच्या हवेत 17 ग्रॅमच बाष्प आहे, म्हणजे सापेक्ष आर्द्रता (जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते) 57 टक्क्यांच्या आसपास. ही हवा गार होत होत 20 वर आली की आर्द्रता 100 टक्के, आणि त्याच्याखाली गेली की जास्तीचं बाष्प पाणी होऊन बाहेर येणार. तर या हवेचा दवांक 20. बाष्प तेवढंच राहिलं तर दुपारी आर्द्रता 40 टक्के आणि पहाटे 90 असं होऊ शकतं कारण बदललंय ते तापमान, दवांक जवळपास तिथेच असतो. म्हणून आज किती चिकचिक होणार हे कळायला टक्केवारीपेक्षा दवांक बघावा असं माझं ठाम मत आहे.

—

हे घरी करून बघता येतं, भाचीला नक्की दाखवा. चकचकीत स्टीलचा पेला घ्या, अर्धा पाण्याने भरा, आत थर्मामीटर (तापाचा नको, प्रयोगशाळेतला) आणि बर्फाचे छोटे तुकडे एकेक टाकत ढवळत राहा. मी काल केलं तेव्हा खोलीत 30 होतं, पाणी 25 ला आलं, 24, 23, पेला लख्खच, आणि 22 ला आलं तशी बाहेरून त्यावर एक पुसटशी झाक आली, बोट फिरवलं तर रेघ उमटली! तो 22 म्हणजे खोलीतल्या हवेचा दवबिंदू. ते पाणी पेल्यातून झिरपलेलं नाही, खोलीतल्या हवेतून आलंय हे मुलांना इथेच पटतं. फक्त पेल्याजवळ श्वास सोडू नका, आकडा चुकतो.

—

'पडणे' बद्दल. दव वरून पडत नाही, जागच्या जागी जमतं. पण पूर्वी लोकांना ते बारीक पावसासारखं पडतं असंच वाटायचं. लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी 1814 मध्ये दवावर निबंध छापला, त्याआधी रात्र रात्र बागेत बसून लोकरीचे वजन केलेले पुंजके उघड्यावर आणि आडोशाला ठेवून कोणता किती ओला होतो ते मोजत होते. निष्कर्ष असा की निरभ्र रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं आणि त्याला टेकलेली हवा दवांकाखाली जाते. ढग असले की ते खाली उष्णता परत पाठवतात म्हणून ढगाळ रात्री दव कमी, आणि वारा असला की हवा ढवळली जाते म्हणून तेव्हाही कमी. पण म्हणून 'दव पडलं' चूक ठरवू नका हो! थंडी पडते, ऊन पडतं, धुकं पडतं, यातलं काय थेंबासारखं खाली येतं? मराठीत पडणे म्हणजे पसरणे, येऊन राहणे असंही आहेच.

—

एक भर. पात्याच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब लोंबताना दिसतो ना, तो बरेचदा दव नसतोच, रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पानाने टोकातून बाहेर टाकलेलं असतं. दव म्हणजे पात्यावर सगळीकडे बारीक थेंब. म्हणजे कवितांमधला दवबिंदू कित्येकदा तिसराच काहीतरी निघायचा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, पेल्याचा प्रयोग आम्ही आजच केला, आमचाही 22 आला. आता भाचीचा पुढचा प्रश्न, जमिनीजवळ दव तर वर ढग कसे?

—

तेच, फक्त हवा वर चढून गार होते. वर जाणारी हवा दर किलोमीटरला साधारण 10 अंशांनी थंड होते आणि तिचा दवांक साधारण 2 अंशांनी उतरतो, म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरला 8 अंशांनी मिटतं. बाहेरही तापमान 30 आणि दवांक 22 असेल तर फरक 8, म्हणजे ढगाचा तळ सुमारे 1000 मीटरवर. दुपारच्या कापसासारख्या ढगांचे बूड एका पातळीत कापल्यासारखे सपाट दिसतात ते म्हणूनच, ती दवबिंदूची रेघ आहे, भाचीला गच्चीवर नेऊन दाखवा.