पहिल्या माणसाचा पहिला डोस माकडावरून ठरवावा का?

धागालेखक

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील चाचणी केंद्रात टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड-औषध (शरीरातील ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) सहा निरोगी तरुणांना शिरेतून देण्यात आले, आणि काही तासांतच सहाही जणांच्या शरीरात सायटोकाइनचे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी सोडतात त्या दाहकारक संदेशद्रव्यांचे, वादळ उठून त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सगळे वाचले, पण एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट म्हणजे डोस ठरवताना नियम मोडलेला नव्हता. मॅकॅक माकडांना किलोमागे ५० मिलिग्रॅम देऊनही अपाय दिसला नव्हता. शरीराच्या पृष्ठफळावर आधारलेल्या प्रचलित सूत्रानुसार त्याला ३.१ ने भागले की माणसासाठी किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम येतात आणि सुरक्षिततेसाठी त्याचा दहावा भाग घेतला की १.६. स्वयंसेवकांना प्रत्यक्षात दिले ०.१, म्हणजे माकडाच्या डोसचा पाचशेवा भाग. तरीही तेवढ्या औषधाने टी-पेशींवरील (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींवरील) सीडी-२८ हे ग्राही, म्हणजे औषध जिथे चिकटते ती लक्ष्यस्थाने, नव्वद टक्क्यांच्या आसपास व्यापले गेले असावेत, असे नंतरच्या हिशेबात दिसले. म्हणून माझे म्हणणे असे की पहिला डोस ‘प्राण्याला किती सोसले’ यावरून ठरवू नये. मानवी पेशींवर परिणाम दिसू लागतो ती किमान मात्रा शोधावी आणि तेथून सुरुवात करावी.

प्रतिसाद १ (औषधशास्त्राची अध्यापिका)

आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. चाचणीपूर्वी हे औषध मानवी रक्तपेशींवरही तपासले होते आणि त्या पेशींनीही धोक्याची खूण दिली नव्हती. प्रतिपिंड द्रवात मोकळे सोडले की पेशी शांत राहत; ते पृष्ठभागावर पक्के बसवले, की मगच त्या सायटोकाइन सोडू लागत, आणि ही युक्ती अपघातानंतर सापडली. तेव्हा ‘मानवी पेशींनी आधीच सांगितले असते’ हे पश्चातबुद्धीचे बोलणे आहे.

शिवाय बशीतल्या पेशींना यकृत नसते, मूत्रपिंड नसते. औषध रक्तातून किती वेगाने निचरते आणि कोणत्या अवयवात साठते, हे जिवंत शरीरातच कळते. छोट्या उंदराचा डोस १२.३ ने आणि कुत्र्याचा १.८ ने भागायचा, ही केवळ रूढी नव्हे. लहान प्राण्यांचा चयापचय वजनाच्या मानाने जलद असतो, या निरीक्षणावर ती उभी आहे आणि यकृतात मोडणाऱ्या साध्या रासायनिक गोळ्यांसाठी ती आजही बरीच उपयोगी पडते.

लंडनची खरी चूक मला वेळापत्रकात दिसते. स्वयंसेवकांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने औषध दिले गेले. पहिल्याचे काय होते ते पाहायला वेळच ठेवला नव्हता. एकाला देऊन दिवसभर थांबले असते, तर उरलेल्या पाच जणांवर ही वेळच आली नसती.

धागालेखक

वेळापत्रकाबद्दल पूर्ण सहमत. पण थांबल्याने पाच जण वाचतात, पहिला नाही, आणि डोसचा प्रश्न त्या पहिल्याचाच आहे. माकडांत धोका का दिसला नाही, याचे कारणही पुढे कळले: वादळ उठवणाऱ्या स्मृती-टी-पेशी (जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी) माणसात सीडी-२८ बाळगतात, मॅकॅकच्या त्याच प्रकारच्या पेशींवर तो नसतो. जिथे लक्ष्यच नाही तिथे कितीही मोठा डोस सुरक्षितच दिसणार, आणि त्याला पाचशेने भागून मिळालेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रतिसाद २

गोळ्यांचा दाखला मलाही पुरता निर्धोक वाटत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांना फियालुरिडिन हे विषाणूविरोधी औषध दिले गेले. सात जणांचे यकृत निकामी झाले, त्यांतले पाच दगावले आणि दोघे यकृतप्रत्यारोपणामुळे वाचले. प्राण्यांनी तेथेही सूचना दिली नव्हती, आणि विषबाधा कित्येक आठवड्यांनी उघड झाल्याने सावकाश चढवलेला डोसही कामी आला नाही.

प्रतिसाद १ (औषधशास्त्राची अध्यापिका)

फियालुरिडिनचे उदाहरण मान्य, पण ते धागालेखकांच्या उपायाविरुद्धही तितकेच जाते, कारण तेथे किमान परिणामकारक मात्रा शोधूनही मृत्यू टळले नसते. आणि अतिशय लहान डोसची किंमत कोणीतरी मोजतोच. निरोगी स्वयंसेवकाला निरुपयोगी डोस मिळाला तर काही बिघडत नाही. पण कर्करोगाच्या नव्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांत सुरुवातीचे रुग्ण मरणासन्न असतात, आणि ज्या डोसने गाठीवर काहीच होणार नाही असा डोस त्यांना महिनोन्महिने देत राहणे मला नैतिक वाटत नाही.

धागालेखक

या मुद्द्यावर मी माझी मागणी आवरती घेतो: कर्करोगाच्या रुग्णांसाठी सुरुवात वरून व्हावी, आणि पायऱ्या मोठ्या असाव्यात. निरोगी माणसांबाबत मात्र मी ठाम आहे. हेच प्रतिपिंड पुढे रशियात निरोगी स्वयंसेवकांना पुन्हा दिले गेले, पण सुधारलेल्या मानवी पेशींच्या चाचणीवरून डोस ठरवून आणि किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमपासून, म्हणजे लंडनच्या एक हजाराव्या भागापासून. तो ७ मायक्रोग्रॅमपर्यंत चढवला, तरी वादळ उठले नाही.