मदत हवी आहे: अण्णांच्या लिव्हरमध्ये लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) निघालाय. केमो लगेच सुरू करावी की आधी मुंबईला दाखवावं?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी लिहितोय. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ५८. सोमवारच्या आत ठरवायचं आहे, त्यामुळे ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लवकर लिहा.

ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत त्यांना उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. संध्याकाळी कणकण, रात्री बनियन पिळावं इतका घाम. अडीच महिन्यांत ९ किलो वजन उतरलं. आम्हाला वाटलं कावीळ, म्हणून दहा दिवस गावठी औषधात घालवले. त्याचं आज फार वाईट वाटतं. सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात ८ सेंटिमीटरची गाठ दिसली. सीटीवर लिहून आलं की लिव्हरचाच कॅन्सर असेल किंवा दुसरीकडून पसरलेला. पण रक्तात एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरची खूण) नॉर्मल, सीईए (आतड्याच्या कॅन्सरची) नॉर्मल, एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीतही काही नाही. वाढलेलं फक्त एलडीएच (पेशी मरताना रक्तात वाढणारा घटक), ८७०. एका सर्जननी अर्धं लिव्हर काढायचं सांगितलं होतं आणि आम्ही पैशांची जमवाजमवही सुरू केली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं, म्हणाले बायोप्सीशिवाय सुरी लावू नका.

पहिल्या बायोप्सीत नुसत्या मेलेल्या पेशी आल्या. दुसरीचा रिपोर्ट: डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. पेशींवरच्या खुणा: सीडी २० पॉझिटिव्ह, सीडी १० निगेटिव्ह, बीसीएल ६ आणि मम १ पॉझिटिव्ह, केआय ६७ (पेशी वाढण्याचा वेग) ८० टक्के. पूर्ण शरीराच्या पेट स्कॅनमध्ये लिव्हर सोडून कुठेच काही नाही, बोन मॅरोही स्वच्छ. मिरजेचे कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात हा प्रायमरी हेपॅटिक लिम्फोमा (लिव्हरमध्येच सुरू झालेला), ऑपरेशनची गरज नाही, आर-चॉप केमो (रिटुक्सिमॅब आणि सोबत इतर औषधं) दर २१ दिवसांनी, ६ वेळा. सोमवारी पहिली.

आमचे नाना (चुलते) अडून बसलेत. इतका दुर्मिळ आजार, टाटाला दाखवल्याशिवाय सलाईन लावू द्यायचं नाही म्हणतात. इकडे अण्णांना आता संडासला जाऊन आलं तरी धाप लागते. मुंबईच्या खेपा त्यांना झेपतील असं वाटत नाही.

अजून एक. त्यांची हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी (विषाणू आत्ता आहे का ती तपासणी) निगेटिव्ह आहे, पण कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी एन्टेकाविर (हिपॅटायटिस बीची गोळी) चालू केलंय. मेडिकलवाला म्हणाला, बी नाहीच तर गोळी कशाला? घ्यावी का?

आणि मनातलं सांगतो. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी 'घेत होते का?' असं विचारतो. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, बावीस वर्षं वारी केलेला माणूस. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आधी एक विचारते, पहिल्या बायोप्सीआधी अण्णांना स्टिरॉइड दिलं होतं का?

द्राक्षबाग_तासगाव

हो ताई. तापासाठी एका डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या होत्या. नंतर पाकीट बघितलं तर प्रेडनिसोलोन.

स्लाइडवाली

मला तेच वाटलं. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने झपाट्याने मरतात. गाठ थोडी आकसते, रुग्णाला बरंही वाटतं, पण तपासायला जिवंत पेशीच हाती लागत नाहीत. हे तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा.

तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टवरून निदानाला आधार चांगला आहे. लसिका ग्रंथींच्या बाहेर सुरू होणाऱ्या लिम्फोमांत लिव्हरचा १ टक्क्याहूनही कमी, म्हणून सर्जनना तो आधी सुचला नाही यात नवल नाही. एएफपी नॉर्मल आणि एलडीएच चढलेलं, ही जोडी दिसली की लिम्फोमा डोक्यात यायला हवा. हा आजार पांढऱ्या पेशींचा आहे, दारूने लिव्हर खराब होतं तो हा नव्हे. पाहुण्यांना हे अण्णांच्या देखत सांगा.

नानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुसरं मत जरूर घ्या, पण त्यासाठी अण्णांनी जायची गरज नाही. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, स्लाइड्स आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन तुम्ही परळला टाटाच्या पॅथॉलॉजीत जा. मिक आणि बीसीएल २ या जीन्समधले बदल बघणारी फिश तपासणी झाली नसेल तर तीही करायला सांगा, तिच्यावरून पुढची औषधं बदलू शकतात. केआय ६७ ८० टक्के म्हणजे पेशी वेगाने वाढताहेत. तिकडचा रिपोर्ट येईपर्यंत सोमवार थांबवायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बहुतेक जण पहिली केमो थांबवत नाहीत.

एन्टेकाविर अजिबात बंद करू नका. कोअर अँटिबॉडी म्हणजे कधीतरी हिपॅटायटिस बी होऊन गेली, आणि विषाणू लिव्हरमध्ये दबून बसलाय. रिटुक्सिमॅब बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पुसून टाकतं, मग तो विषाणू उठतो आणि लिव्हर निकामीही होऊ शकतं. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने गोळी चालते. रिकाम्या पोटी द्यायची, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास.

कराडकर

दादा, माझ्या आईला पोटाचा लिम्फोमा होता, हीच केमो सहा वेळा झाली. चार वर्षं झाली, आज ती शेतावर जाते. केमोआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का बघा, केमोतलं लाल औषध हृदयाला जड जातं. त्या औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका, ते रक्त नसतं. पहिलं रिटुक्सिमॅब फार हळू सोडतात, हुडहुडी भरली की लगेच सिस्टरना सांगायचं. घरी थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते पहिल्या सलाईनच्या आधी आरोग्यमित्राकडून (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) लिहून घ्या. आम्ही नंतर गेलो आणि पहिलं बिल अंगावर पडलं.

द्राक्षबाग_तासगाव

ताई, दादा, उपकार झाले. नानांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ब्लॉक घेऊन नानाच आज रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेत. सोमवारची केमो ठरली. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचं ऐकून घेतलं, फाइलवर लिहिलं. इको उद्या आहे.

अण्णांनी एवढंच विचारायला सांगितलंय, केमोला गळ्यातली माळ काढायला लावतात का?

कराडकर

नाही लावत. आईच्या गळ्यात सहाही वेळा होती.