रक्तदानाच्या दिवसाची पगारी रजा : कंपनीचा नियम कसा लिहावा?

चाकण_एचआर
चाकणचा कारखाना, 180 कामगार, तीन पाळ्या : 7 ते 3, 3 ते 11, 11 ते 7. रक्तदान करणाऱ्याला त्या दिवसाची पगारी रजा मिळावी अशी युनियनची मागणी आहे आणि व्यवस्थापन राजी आहे. केंद्र सरकारचा नियम जसाच्या तसा उचला, असं वरून सुचवलंय. तो नेमका काय आहे? खासगी कंपनीवर अशी रजा देणं बंधनकारक आहे का? पुरावा म्हणून काय मागायचं? रात्रपाळीवाल्याचं काय करायचं? आणि माणूस गेला, पण रक्तपेढीने परत पाठवला, तर हजेरी कशी लावायची?

आस्थापना_शाखा
केंद्राचा सध्याचा आदेश कार्मिक व प्रशिक्षण विभागाचा, डिसेंबर 2017चा. परवानाधारक रक्तपेढीत, कामकाजाच्या दिवशी रक्तदान केलं तर फक्त त्याच दिवसाची विशेष नैमित्तिक रजा. वर्षातून जास्तीत जास्त 4 वेळा, रक्तदानाचा ग्राह्य पुरावा जोडून. आधी ही सवलत फक्त नेहमीच्या रक्तदानाला होती. या आदेशाने मशीनवर प्लेटलेट्स, प्लाझ्मा किंवा तांबड्या पेशी वेगळ्या काढून देणाऱ्यांनाही ती लागू झाली.

ही रजा नैमित्तिक रजेच्या खात्यातून वजा होत नाही. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी रक्तदान केलं तर सोमवारी बदली रजा मागता येत नाही. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, कारण शिबिरं असतात रविवारी.

खासगी नोकरीत रक्तदानासाठी वेगळी रजा द्यायलाच हवी असा कायदा महाराष्ट्रात नाही. दुकाने व आस्थापना यांच्या 2017च्या कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, पण त्या सगळ्याच कारणांसाठी. कारखान्याला तोही लागू नाही. म्हणजे तुम्ही देताय ते स्वखुशीने, त्यामुळे शब्दही तुमच्या सोयीने ठरवा. केंद्राचा मजकूर दिवसा चालणाऱ्या कार्यालयासाठी लिहिलेला आहे. तीन पाळ्यांना तो बसणार नाही.

रक्तपेढी_तंत्रज्ञ
वरच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा, आणि त्याचं कारण वैद्यकीय आहे. रक्तदात्यांच्या निवडीचे नियम सांगतात की पुरेशी झोप न झालेल्या रात्रपाळीच्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही. अंगमेहनतीचं किंवा धोक्याचं काम करणाऱ्याने पुढच्या पाळीच्या किमान 24 तास आधी रक्तदान केलेलं असावं, हेही त्यात आहे.

आता तुमच्या पाळ्यांवर हे लावून बघा. मंगळवारी सकाळी 7 ला सुटलेला माणूस घरी जाऊन झोपला आणि दुपारी 3 ला रक्तपेढीत आला. त्याची पुढची पाळी रात्री 11 ला, म्हणजे मध्ये फक्त 8 तास. नियमात ‘त्या दिवसाची रजा’ एवढंच लिहिलंत, तर टाइम ऑफिस (हजेरी ठेवणारा विभाग) म्हणेल की मंगळवारची पाळी सकाळीच भरली, आता रजा कसली? आणि तो रात्री प्रेसवर उभा राहील. म्हणून तारीख लिहूच नका. ‘रक्तदानानंतर 24 तासांच्या आत सुरू होणारी पाळी’ असं लिहा. पहिल्या पाळीचा माणूस सकाळी 10 ला कारखान्यातल्या शिबिरात रक्त देत असेल, तर त्याची पाळी तिथेच संपवा आणि उरलेले तास भरपगारी धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी 7ची पाळीही 24 तासांच्या आत येते, तीही याच रजेत धरा. रक्त दिल्यावर चहा-बिस्किटं देऊन माणसाला अर्ध्या तासात लाइनवर परत उभं करायचं, हा प्रकार सर्रास चालतो आणि तो चुकीचा आहे. चक्कर दरवेळी खुर्चीतच येते असं नाही. काही दात्यांना ती तासा-दोन तासांनी, उन्हात उभं राहिल्यावर किंवा जोर लावताना येते. फोर्कलिफ्ट, क्रेन, शिडी, भट्टी इथल्या माणसांना तर कुठलीही सूट देऊ नका.

पुराव्याबद्दल. प्रमाणपत्रावर रक्तपेढीचं नाव, परवाना क्रमांक, दात्याचं पूर्ण नाव, तारीख, सही आणि शिक्का हवा. वेळही लिहून घ्या. छापील नमुन्यात ती बहुधा नसते, पण तुमचा 24 तासांचा हिशेब तिच्यावरच चालणार. शिबिरात मिळणाऱ्या रंगीत प्रशस्तिपत्रावर बरेचदा मंडळाचं नाव आणि पुढाऱ्याचा फोटो असतो, रक्तपेढीचा परवाना क्रमांकच नसतो. ते चालवून घेऊ नका. शिबिर कोणीही भरवलं तरी रक्त गोळा करणारी रक्तपेढी परवानाधारकच असते, तिच्याकडून दाखला मागता येतो.

परत पाठवलेल्यांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, वजन 45 किलोपेक्षा कमी, रक्तदाब जास्त, अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपलेला, वर्षभरात टॅटू काढलेला, अशा कारणांनी माणसाला त्या दिवशी नाही म्हणावं लागतं. अशा वेळी रजा बुडणार असेल तर दाता खरी माहिती लपवतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या तपासण्या आम्ही प्रत्येक पिशवीवर करतो, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तपासणीत तो निसटू शकतो. दात्याने प्रश्नावलीत खरं सांगणं हीच पहिली गाळणी आहे. म्हणून नियमात लिहा : रक्तपेढीत हजर राहिल्याची चिठ्ठी आणली तर रक्त घेतलं गेलं नसलं तरी जाण्या-येण्याचा आणि तिथल्या थांबण्याचा वेळ भरपगारी. चिठ्ठीवर फक्त ‘उपस्थित होते’ एवढंच. कारण विचारायचं नाही.

चाकण_एचआर
पाळीचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नसता. वर्षाला किती वेळा द्यावी? चारची मर्यादा ठेवू का? आणि एकाच दिवशी पन्नास जण गेले तर लाइन कशी चालवायची?

रक्तपेढी_तंत्रज्ञ
पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर लागतं, स्त्रियांना 120 दिवसांचं. त्यामुळे चार पुरतात. एकाच दिवशी पन्नास मात्र नकोच, आणि ते आमच्याही सोयीचं नाही. प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस टिकतात. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस. रविवारी आणि जयंत्यांना पिशव्यांचा ढीग पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत, कॉलेजं बंद असताना, फोन फिरवत बसावं लागतं. कामाच्या दिवशी रजा देण्याचा खरा उपयोग हाच, की दाते वर्षभर विखुरले जातात. दर विभागातून एका दिवशी दोन-तीन जण, तीन दिवस आधी सुपरवायझरला कळवून, असं ठेवा. त्यात मे महिना आणि दिवाळीची सुट्टी आवर्जून धरा. रुग्णासाठी तातडीने बोलावणं आलं तर तीन दिवसांची अट लावू नका.

प्लेटलेट_दाता
चार वेळांच्या मर्यादेत एक भर. मशीनवर प्लेटलेट्स देणाऱ्याला 48 तासांनी पुन्हा देता येतं, आठवड्यात जास्तीत जास्त 2 वेळा आणि वर्षात 24 वेळा. सुईवर बसायलाच तास-दीड तास जातो. आधीची तपासणी धरली तर अर्धा दिवस सहज. कॅन्सर आणि डेंग्यूच्या रुग्णांसाठीचे हे फोन कामाच्या वेळीच येतात. त्यामुळे चार पूर्ण पाळ्या संपल्यावर प्लेटलेट्ससाठी अर्ध्या पाळीची आणखी काही वेळची सवलत ठेवलीत तर फार मोठी मदत होईल. खर्च किरकोळच येईल, कारण असे दाते 180 मध्ये दोन-चारच निघतील. नेहमीचं रक्तदान केलेलं असेल तर 28 दिवस प्लेटलेट्स देता येत नाहीत, आणि अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर 3 दिवस थांबावं लागतं. हे नोटीस बोर्डावर लावा, माणसाची फेरी वाचेल.

आस्थापना_शाखा
एक गोष्ट युनियनशी आधीच बोलून घ्या. रजा न घेणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे, किंवा ती रजा साठवून वर्षअखेरीला रोख, असं काही ठेवू नका. पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996च्या निकालात तसे निर्देश दिले होते. रजा ही विश्रांतीसाठीच राहिली पाहिजे. इटलीत नोकरदार दात्याला 1967च्या कायद्याने पगारी विश्रांतीचा दिवस मिळतो, आणि तिथेही तो रक्तदानालाच जोडलेला आहे. पगारवाढीच्या मूल्यमापनात रक्तदानाचा रकाना, विभागांना टार्गेट, भेटवस्तू हे सगळं टाळा. ज्याला वैद्यकीय कारणाने कधीच रक्त देता येणार नाही, त्याला चारचौघांत खुलासा करायची वेळ येते.

मजकूर साधारण असा ठेवा :

‘परवानाधारक रक्तपेढीत रक्त किंवा रक्तघटक दान करणाऱ्या कामगारास, दानानंतर 24 तासांच्या आत सुरू होणाऱ्या व दानाच्या वेळी चालू असलेल्या पाळीची भरपगारी विशेष रजा एका कॅलेंडर वर्षात 4 वेळा मिळेल. ही रजा अन्य रजेतून वजा होणार नाही, साठणार नाही व रोखीत बदलता येणार नाही. रक्तपेढीचा दाखला 7 दिवसांत द्यावा. दान होऊ शकले नाही तर उपस्थितीच्या चिठ्ठीवर प्रवासाचा व थांबण्याचा वेळ भरपगारी धरला जाईल. दान न होण्याचे कारण किंवा तपासणीचा अहवाल कंपनी मागणार नाही.’

कॅज्युअल आणि कंत्राटी कामगारांचा उल्लेख स्वतंत्र वाक्यात करा. नाहीतर ठेकेदार त्यांचा तो दिवस बिनपगारी मांडेल.