मदत हवी आहे: कॉमन लॉमध्ये (न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या इंग्रजी परंपरेच्या कायद्यात) 'पहिला ताबा' नेमका कधी पूर्ण होतो?

मालक नसलेल्या जंगम वस्तूवर पहिली मालकी ताब्याने मिळते, इथवर स्पष्ट आहे. अडचण पुढे आहे.

पिअर्सन विरुद्ध पोस्ट (न्यूयॉर्क, 1805): कोल्ह्याचा नुसता पाठलाग पुरेसा नाही. यंग विरुद्ध हिचन्स (इंग्लंड, 1844): मासे जाळ्यात जवळजवळ कोंडले होते, थोडीशीच फट उरली होती, तरी ताबा नाही. पण घेन विरुद्ध रिच (मॅसॅच्युसेट्स, 1881) मध्ये भाल्याने मारलेला देवमासा बुडाला, दुसऱ्याच कोणाला दूर किनाऱ्यावर सापडला, आणि मालकी मारणाऱ्याची ठरली, कारण देवमासे पकडणाऱ्यांची तशी रूढी होती. माझ्या मते हा निकाल न्याय्यच आहे, पण आधीच्या दोघांशी तो जुळवता येत नाही.

हेतू आणि प्रत्यक्ष नियंत्रण दोन्ही हवेत, ही कसोटी लावून पाहिली. देवमाशापाशी ती तुटते. पोपोव्ह विरुद्ध हयाशी (कॅलिफोर्निया, 2002) हा बेसबॉलच्या चेंडूच्या मालकीचा खटला वाचला आहे, पण तो कनिष्ठ न्यायालयाचा असल्याने त्यावर विसंबायचे नाही. जमीन आणि हरवलेल्या वस्तू सापडण्याचे खटले इथे नकोत.

तर रूढी हा ताब्याच्या नियमाला अपवाद मानायचा, की पुरेसे नियंत्रण कशाला म्हणायचे हेच त्या व्यवसायाची रूढी ठरवते? दुसरे खरे असेल, तर यंगच्या खटल्यात मच्छीमारांच्या रूढीला महत्त्व का मिळाले नाही?