मदत हवी आहे : प्रोसेसर ७४ अंशांवर, पण मदरबोर्डचा व्हीआरएम ११२ वर! रेंडर मध्येच रांगतोय

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहते. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरूनच करते. सध्या हातात तीन लग्नं आहेत, पहिलं पुढच्या रविवारी द्यायचंय, आणि मशीन ऐनवेळी दगा देतंय.

मशीन २०१९ मध्ये जोडलेलं आहे. रायझन ७ २७००, बी४५० चिपसेटचा त्यातल्या त्यात स्वस्त मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. नवीन मशीन यंदा परवडणार नाही, म्हणून आहे त्यातूनच वेग काढायचं ठरवलं. आधी रेंडरच्या (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याच्या) वेळी आठही कोअर ३.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालायचे. आता बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ४.० गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट ठेवलेत, म्हणजे ओव्हरक्लॉक केलंय. उष्णता वाढणार हे माहीत होतं, त्यामुळे प्रोसेसरबरोबर आलेला कूलर काढून २४० मिमीचा लिक्विड कूलर घेतला. रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावलाय, वर जागाच नाही.

रेंडर लावला की पहिली दहा-बारा मिनिटं सगळं छान चालतं. प्रोसेसर ७४ अंशांच्या वर जात नाही. मग अचानक सगळ्या कोअरचा वेग ४.० वरून थेट ०.५५ गिगाहर्ट्झवर कोसळतो, काही सेकंद तिथेच राहतो, वर येतो, पुन्हा कोसळतो. शेवटपर्यंत हेच. पूर्वी जो रेंडर पन्नास मिनिटांत व्हायचा त्याला काल सव्वा तास लागला. म्हणजे ओव्हरक्लॉक करून मी आणखी मागे गेले.

कूलरची पेस्ट दोनदा बदलली, पंख्यांच्या जाळ्या धुतल्या (समोर मेट्रोचं काम निघाल्यापासून धूळ इतकी की खिडकी उघडता येत नाही, रात्री अकरा वाजताही खोलीत ३३ अंश असतात). काहीच फरक नाही. शेवटी एचडब्ल्यूइन्फो (सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) लावून एकेक ओळ बघत बसले तेव्हा ‘व्हीआरएम मॉस’ या ओळीत, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला, ११२ दिसले. वेग कोसळतो तो नेमका याच आकड्याला.

पण मला हा आकडा पटत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, लगेच व्हीआरएमवरच्या हीटसिंकला (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) बोट लावून पाहिलं. नुसतं कोमट! चहाचा कप याहून गरम असतो. ११२ अंशांच्या वस्तूवर बसलेला धातू कोमट कसा राहील? सेन्सर खराब असेल का? आणि सेन्सर खराब असेल तर बोर्डाची ही वेग पाडण्याची सोय बायोसमधून बंद करता येते का?

*

प्रतिसाद (ऐरोली)

ताई, ती सोय कृपा करून बंद करू नका. आधी तेवढं सांगतो, बाकीचं नंतर.

मी महापे एमआयडीसीत पॉवर सप्लायच्या दुरुस्तीचं काम करतो, गेली सोळा वर्षं. तुम्ही जे लक्षण सेन्सर खराब असल्याचं समजताय ते उलट खऱ्या रोगाचं आहे. हीटसिंक कोमट आणि मॉसफेट (व्हीआरएममधल्या वीज उतरवणाऱ्या चिपा) ११२ वर, याचा अर्थ खालची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. दोघांच्या मधला थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) नीट टेकलेला नसणार. हीटसिंक चटका देण्याइतका तापला असता तर मी म्हटलं असतं की पॅड ठीक आहे, हवा कमी पडतेय.

आता मुळात हे तापतं का? पॉवर सप्लायकडून प्रोसेसरच्या वाट्याला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवे असतात सव्वा-दीड व्होल्टच्या आतले. ते उतरवण्याचं काम सॉकेटच्या शेजारी बसलेले मॉसफेट आणि चोक (तारेची वेटोळी) करतात, त्यालाच व्हीआरएम म्हणायचं. तुमच्या ४.० गिगाहर्ट्झला प्रोसेसर १४० वॅट खात असेल असं धरा. १.३५ व्होल्टला १४० वॅट म्हणजे शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह. आणि मॉसफेटमधलं वहनाचं नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. प्रवाह सव्वापट झाला की हे नुकसान दीडपटीच्या वर. या पूर्ण व्यवहारात दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते असं धरलं तर १५ ते २० वॅट उष्णता त्या बोटभर पट्टीत तयार होते. आमच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या.

मॉसफेट स्वतः चिवट असतात, त्यांची आतली मर्यादा बहुधा १५० अंशांची असते. पण सेन्सर असतो बोर्डावर, मॉसफेटच्या शेजारी. तो ११२ दाखवतो तेव्हा चिपच्या पोटात त्याहून जास्त असतात. शेजारचे कपॅसिटर साधारणपणे १०५ अंशांचे असतात, आणि दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य निम्मं होतं हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. बोर्ड वेग पाडतोय तो या सगळ्यांना वाचवायला. तेच बंद केलंत तर एखाद्या रात्री मॉसफेट शॉर्ट होऊन १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जाऊ शकतात. असे बोर्ड मी पाहिलेत.

*

प्रतिसाद (खारघर)

ऐरोलीकर दादांशी सहमत, पण अर्धा दोष त्या लिक्विड कूलरचा आहे हे कुणी बोललं नाही. प्रोसेसरबरोबर येणारा गोल कूलर हवा खाली, बोर्डावर फेकतो. ती हवा सॉकेटच्या चारी बाजूंना पसरते आणि व्हीआरएमला फुकटात वारा मिळतो. लिक्विड कूलर लावलात आणि तो वारा गेला. प्रोसेसरची उष्णता रेडिएटरवर गेली, व्हीआरएम मात्र वाऱ्याविना राहिला. त्यातून रेडिएटर पुढे, म्हणजे आत येणारी हवाच आधी त्याच्यातून तापून येते.

एक ८० मिमीचा पंखा आणा आणि केबल टायने व्हीआरएमच्या समोर बांधा. माझ्या मशीनला चार वर्षं तसाच आहे.

*

प्रतिसाद (नौपाडा)

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पोटापाण्याच्या मशीनवर ओव्हरक्लॉक करू नये. रविवारी लग्न द्यायचंय ना? आज बायोस डिफॉल्ट करा, पन्नास मिनिटांत रेंडर होत होता तो होऊ द्या. पॅड, पंखे वगैरे त्यानंतर.

*

धागाकर्ती

राग कसला दादा, बरोबर बोललात. आजच डिफॉल्ट केलंय. व्हीआरएम ८३ वर थांबला आणि रेंडर बावन्न मिनिटांत निघाला. लग्न वेळेवर जाईल.

ऐरोलीकर दादा, ती सोय आता मी मुळीच बंद करणार नाही. रविवारनंतर हीटसिंक काढायचं ठरवलंय. पॅड किती जाडीचा आणायचा हे कसं कळेल? बोर्डाच्या पुस्तिकेत काही नाही.

*

प्रतिसाद (ऐरोली)

अंदाजाने आणू नका. पातळ आला तर टेकणार नाही, जाड आला तर हीटसिंक तिरका बसेल आणि बोर्ड वाकेल.

जुना पॅड काढा. लहान मुलांच्या खेळण्यातली क्ले असते ना, तिच्या मुगाएवढ्या तीन-चार गोळ्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून वेगवेगळ्या मॉसफेटवर ठेवा. हीटसिंक नेहमीसारखा बसवा, पुन्हा काढा, आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. पॅड त्याहून किंचित जाड घ्यायचा, दाबून बसेल इतका.

आणि जुना पॅड फेकू नका. त्याच्यावर मॉसफेटचे ठसे उठलेत का ते बघा आणि इथे सांगा. जिथे ठसा नाही तिथे स्पर्श नाही.

आणखी एक. काही लोक मॉसफेटवर चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियमचे तुकडे सुचवतील. ते गरम झाले की गोंद सुटतो आणि तुकडा खाली ग्राफिक्स कार्डवर पडतो. चालू मशीनमध्ये धातूचा सुटा तुकडा म्हणजे शॉर्टला आमंत्रण. त्या वाटेला जाऊ नका.

*

धागाकर्ती

मंडळी, काल रात्री उघडलं.

हीटसिंक दोन स्प्रिंगच्या पिनांवर होता. पॅड काढला तर हातात अक्षरशः खडू आला, इतका कडक. एकूण आठ मॉसफेट आहेत आणि ठसे फक्त तीनवर! उरलेल्या पाचांच्या वरचा पॅड कोरा करकरीत, पहिल्या दिवशी होता तसा. एक पिन पूर्ण आत गेलीच नव्हती, त्यामुळे एक बाजू उचललेली होती. म्हणजे २०१९ पासून हे असंच चालू होतं आणि जुन्या कूलरचा वारा ते झाकून नेत होता.

क्लेची जाडी सगळीकडे १.२ ते १.३ मिमी आली. आज लॅमिंग्टन रोडला जाऊन १.५ मिमीचा पॅड आणि ८० मिमीचा पंखा घेऊन आले. पिन दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबल्या. आधी फक्त पॅड बदलून पाहिलं, कारण एकदम सगळं केलं असतं तर कशाने काय झालं ते कळलं नसतं.

पुन्हा ४.० गिगाहर्ट्झ, १.३५ व्होल्ट, खोली तीच ३३ अंश, तोच रेंडर:

नुसता पॅड बदलल्यावर ९६. वेग एकदाही कोसळला नाही. आणि या वेळी बंद केल्यावर हीटसिंकला बोट टेकवलं तर झटकन मागे घ्यावं लागलं. दादा, तुम्ही म्हणालात ते तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं.

पॅड अधिक पंखा, ८१.

*

प्रतिसाद (ऐरोली)

उत्तम. पॅड आधी, पंखा नंतर हे फार बरं केलंत.

आता व्होल्टेज खाली आणा. वीज व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. ३.९ गिगाहर्ट्झला १.२७५ व्होल्टवर स्थिर राहतं का बघा. वेग अडीच टक्के जाईल, पण वीज साधारण तेरा टक्के वाचेल, आणि व्हीआरएमच्या दृष्टीने तो सौदा फार चांगला आहे. लोडलाइन कॅलिब्रेशन (भाराखाली पडणारं व्होल्टेज भरून काढणारी बायोसमधली सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर असेल तर मधल्या पायरीवर आणा. वरच्या पायरीवर भार सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. प्रत्येक बदलानंतर निदान तासभर प्राइम९५ किंवा ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तपासणारे प्रोग्रॅम) चालवा, नुसत्या रेंडरवर भरवसा ठेवू नका.

*

धागाकर्ती

१.२७५ ला प्राइम९५ वीस मिनिटांत एका कोअरवर अडकला. १.२८७५ ला दोन तास चालला, एकही चूक नाही. लोडलाइन मधल्या पायरीवर आणली. व्हीआरएम ७५, प्रोसेसर ६८, रेंडर साडेपंचेचाळीस मिनिटं.

म्हणजे डिफॉल्टपेक्षा साडेसहा मिनिटं वाचली, आणि तीही डिफॉल्टला व्हीआरएम जितका तापत होता त्याहून आठ अंश कमी तापून. तीन तासांच्या लग्नाला माझे असे बारा-पंधरा रेंडर होतात, सव्वा-दीड तास वाचतो. मला एवढंच हवं होतं.

शेवटचा प्रश्न, दादा. पंखा समोरून मारतोय, त्यामुळे मेट्रोची धूळ आता थेट हीटसिंकच्या खाचांत बसणार. ब्लोअर किती दिवसांनी मारू?

*

प्रतिसाद (ऐरोली)

तुमच्या भागात महिन्यातून एकदा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. आणि आजचा ७५ चा आकडा खोलीच्या ३३ अंशांसकट लिहून ठेवा. तेवढ्याच खोलीत तो ८५ दाखवायला लागला की आधी धूळ बघायची, मग त्या पिना.