मदत हवी आहे: आमच्या वावराचा दावा चालू आहे आणि त्यात आम्हीच नाही

काळीमाती (यवतमाळ जिल्हा), ९ जून २०२४, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. लवकर उत्तर पाहिजे, १८ तारखेला कोर्टात तारीख आहे.

माझं दोन एकर वावर आहे. रजिस्ट्री झाली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर नाव आहे. यंदा पीककर्ज नवंजुनं करायला सोसायटीत गेलो तर सचिव म्हणाले, इतर हक्कात दाव्याची नोंद आली आहे, कर्ज होणार नाही. तलाठ्याकडे गेलो, त्यांनी कोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स दाखवली. झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. त्यात एक ओळ आहे की प्रतिवादीने दाव्यातील मिळकतीत 'त्रयस्थ इसमाचे हक्क निर्माण करू नयेत'. भांडण आम्हाला विकणाऱ्याचं आणि त्याच्या बहिणींचं. आमचं नाव ना वादीत, ना प्रतिवादीत. समन्स नाही, नोटीस नाही.

तो त्रयस्थ म्हणजे आम्हीच का? थर्ड पार्टी म्हणून कोर्टात उभं राहता येते का? गावात एकजण म्हणतो तुमचं नाव नाही तर निकाल तुम्हाला लागूच नाही, गप्प बसा. दुसरा म्हणतो वावर गेलं समजा. मृग लागला, कपाशीच्या चार थैल्या घरात आणून ठेवल्या आहेत. टोबायची की नाही तेही कळेना.

आर्वीकर, रात्री ९:५८
दावा कधी दाखल झाला, खरेदी कधीची? आधी तारखा टाका. त्याशिवाय कोणीही काही सांगितलं तर तो अंदाजच राहील.

संत्राबाग_वरूड, रात्री १०:०५
थर्ड पार्टी म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा तर थर्ड पार्टी विमा लागतोच. आपल्या वाहनाने ज्या बाहेरच्या माणसाला इजा झाली त्याला विमा कंपनी भरपाई देते. माझ्या मावसभावाचा विमा संपलेला होता, धडक झाली, भरपाई त्याच्या घरून गेली. म्हणून कळकळीनं सांगतो, विमा कधी चुकवू नका.

आर्वीकर, रात्री १०:०९
भाऊ, यांचा प्रश्न जमिनीच्या दाव्याचा आहे. विम्याचं तुम्ही खरं सांगितलं, पण इथे ते लागत नाही.

काळीमाती, रात्री १०:३१
खरेदी ३ मे २०१९. तेव्हा सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं एकट्याचं नाव होतं, मी स्वतः काढून पाहिला होता. हुकुमावर २१ नोव्हेंबर २०१९ अशी तारीख दिसते. म्हणजे आमची खरेदी हुकुमाच्या आधीची. मग तो हुकूम आम्हाला लागत नाही ना?

दिवाणी_वकील, रात्री १०:५०
तुम्ही दोन तारखा दिल्या. महत्त्वाची तिसरी आहे, दावा दाखल झाल्याची. मनाई हुकूम दाव्यानंतर पुष्कळ महिन्यांनी होऊ शकतो. तुमच्या झेरॉक्सवर डाव्या बाजूला वर 'नियमित दिवाणी मुकदमा क्र.' असेल, आकड्यापुढे तिरपी रेघ आणि वर्ष असेल. ते वर्ष सांगा. किंवा ई-कोर्टच्या साइटवर विकणाऱ्याचं नाव टाकून शोधा, दाव्याचा १६ अक्षरी ओळख क्रमांक (सीएनआर) मिळेल.

माजी_मंडळअधिकारी, १० जून, सकाळी ६:४५
मी ३१ वर्षे महसुलात काढली. नोंदीचा त्रास नोंदीनेच सुटतो. इतर हक्कात ती नोंद ज्या फेरफाराने आली, त्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करा. नोंद गेली की सोसायटी कर्ज देईल. कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता?

दिवाणी_वकील, सकाळी ८:१०
काकाजी, तुमचा अनुभव मोठा आहे. पण नोंद उडाली तरी दावा राहतोच. उद्या वाटपाचा हुकूमनामा झाला की हाच फेरफार पुन्हा फिरेल. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकी दिवाणी न्यायालय ठरवते.

माजी_मंडळअधिकारी, सकाळी ८:२२
मालकीचं मी बोललोच नाही. शेतकऱ्याला जूनमध्ये पैसा लागतो, तुमची तारीख दिवाळीपर्यंत जाते. दोन्ही करा म्हणा.

पऱ्हाटी, सकाळी ८:४०
काऊन कोर्टात जाऊन रायले भाऊ? मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत होतो. २००७ ले आर. आर. पाटलानं ती मोहीम आणली तवापासून आमच्या गावात किती धुऱ्याचे भांडणं बसून मिटवले. त्या बहिणीले बोलवा, चहा पाजा, अर्धा एकर द्या अन् सही घ्या. पोट फाडून भांडण्यापेक्षा बरं.

आर्वीकर, सकाळी ९:०२
धुऱ्याच्या भांडणात ठीक आहे. इथे सही कोणाकोणाची घेणार? बहिणी किती, विकणारा कुठे आहे, काहीच माहीत नाही. समितीत मिटलं तरी कोर्टात तडजोड नोंदवावीच लागेल, आणि यांचं नाव दाव्यात नाही. भाऊ-बहिणीने उद्या लोकअदालतीत आपसात मिटवलं तर? लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. बाहेर बसून राहिले, आत कागद झाला, आणि यांना कळलं मोजणीदार आला तेव्हा.

काळीमाती, दुपारी १:१५
सापडलं. १४ ऑगस्ट २०१८. म्हणजे दावा आमच्या खरेदीच्या आधीचा. विकणाऱ्याने एक शब्द सांगितला नाही. पोटात गोळा आला वाचून. स्थिती 'वादीचा पुरावा' अशी दाखवते.

तूरवाला_वाशिम, दुपारी १:२०
४२० टाका त्याच्यावर! दावा लपवून विकलं, सरळ फसवणूक. ठाण्यात जा आजच.

दिवाणी_वकील, दुपारी २:०५
तक्रार द्या, हक्क आहे तुमचा. पण ठाण्यात बहुधा 'दिवाणी स्वरूपाचं आहे' ऐकून परत याल, आणि १८ तारीख तशीच निघून जाईल. आधी हे समजून घ्या.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५२. मिळकतीचा दावा चालू असताना ती विकली तर घेणारा त्या दाव्याच्या निकालाने बांधला जातो, दाव्यात त्याचं नाव असो वा नसो. 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव या कलमाखाली चालत नाही. त्यामुळे 'नाव नाही, गप्प बसा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. 'वावर गेलं' म्हणणाऱ्याचंही नाही. खरेदी रद्द झालेली नाही. विकणाऱ्याच्या हिश्श्यात जेवढं बसेल तेवढं तुम्हाला मिळू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १० आणि आदेश २२ नियम १० खाली पक्षकार करून घ्यायचा अर्ज द्या.

आता मला तीन गोष्टी सांगा. खरेदी नेमकी कोणाच्या नावे आहे? गटाचं एकूण क्षेत्र किती? बहिणी किती?

कायदाप्रेमी, दुपारी २:३०
अर्ज टिकणार नाही. कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल, सर्वोच्च न्यायालय, २००५. बाहेरच्याला दाव्यात घुसता येत नाही, दावा कोणाविरुद्ध चालवायचा हे वादी ठरवतो. माझं मत, आत्ता शांत राहा. हुकूमनामा होऊन बेलिफ ताबा घ्यायला आला की आदेश २१ नियम ९७ च्या टप्प्यावर हरकत घ्या, तेव्हा तुमचं म्हणणं स्वतंत्र ऐकलं जाईल.

दिवाणी_वकील, दुपारी ३:१०
हा सल्ला यांना बुडवेल, म्हणून सविस्तर लिहिते. कस्तुरीचा दावा विक्रीच्या कराराची पूर्तता करून मागण्याचा होता, आणि आत यायला बघणारे त्या कराराशी संबंध नसलेला स्वतंत्र मालकी हक्क सांगत होते. इथे दावा वाटपाचा आहे आणि हे प्रतिवादीकडूनच हक्क घेऊन आले आहेत. प्रश्नच वेगळा. आणि बेलिफची वाट बघायची म्हणता, तर त्याच आदेश २१ चा नियम १०२ वाचा. दावा चालू असताना प्रतिवादीकडून घेणाऱ्याला त्या हरकतीचं संरक्षण नाही. दार आत्ता उघडं आहे, तेव्हा बंद असेल.

वाटपात अशा खरेदीदाराचं ऐकावं लागतं यासाठी आपल्याच राज्यातल्या प्रकरणातला निकाल आहे, खेमचंद शंकर चौधरी विरुद्ध विष्णू हरी पाटील, एआयआर १९८३ सर्वोच्च न्यायालय १२४. शेतजमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथेही दावा चालू असताना घेतलेल्या खरेदीदाराला म्हणणं मांडता येतं.

कायदाप्रेमी, दुपारी ३:४०
नियम १०२ माझ्या नजरेतून सुटला. बरोबर आहे तुमचं.

काळीमाती, संध्याकाळी ६:५०
ताई, खरेदी मायच्या नावे आहे. माय अंगठा लावते. वावर मीच वाहतो म्हणून 'माझं' लिहिलं. गट ८ एकराचा, विकणाऱ्याच्या बापाचा वडिलोपार्जित. बाप, माय दोघं वारले. बहिणी दोन, दोघींनी मिळून दावा टाकला.

दिवाणी_वकील, संध्याकाळी ७:२०
मग अर्ज मायच्या नावे, अंगठा मायचा. तुम्ही मुलगा म्हणून सोबत राहा, त्रयस्थ खरेदीदार त्या आहेत. आणि त्या बाई आहेत म्हणून दुसरी चांगली गोष्ट: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. आधार, सातबारा, खरेदीखत घेऊन उद्याच जा.

आर्वीकर, संध्याकाळी ७:३५
हिशेब करू. ८ एकर, तीन भावंडं, प्रत्येकी तिसरा हिस्सा म्हणजे २ एकर २६ गुंठे आणि वर थोडं. तुमचे दोन एकर भावाच्या हिश्श्यात बसतात. त्याने अजून कोणाला विकलं आहे का?

पऱ्हाटी, संध्याकाळी ७:४१
पोरींले हिस्सा असतेच का पण? लग्नात दिलं नसन का बापानं?

सोयाबीन_ताई, संध्याकाळी ८:००
असतो, दादा. महाराष्ट्राने १९९४ ला दिला, केंद्राने २००५ ला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने जन्मापासून हक्क सांगितला. मी स्वतः हक्कसोडपत्रावर सही केलेली बाई आहे. भावानं राखीला बोलावलं आणि ताटाशेजारी कागद ठेवला, आजही तो दिवस आठवला की जेवण जात नाही. धागाकर्त्यांचं नुकसान होऊ नये असं मनापासून वाटतं, पण त्या दोन बहिणींना गुन्हेगार करू नका. फसवलं आहे भावाने, त्यांनाही आणि यांनाही.

काळीमाती, संध्याकाळी ८:२५
सोयाबीनताई, बहिणींशी आमचं काहीच वैर नाही. धाकटी तर मायच्या ओळखीची आहे.
आर्वीकर, हो. २०२१ ला त्याने त्याच गटातलं दीड एकर आमच्याच गल्लीतल्या एकाला विकलं.

आर्वीकर, संध्याकाळी ८:३३
म्हणजे साडेतीन एकर विकलं आणि हिस्सा पावणेतीनच्याही आत. गणित बसत नाही.

दिवाणी_वकील, रात्री ९:०५
तरीही मायची बाजू त्या दुसऱ्यापेक्षा बरी. तुमची खरेदी मनाईच्या आधीची, त्याची मनाई मोडून झालेली. अर्जात हे ठळक लिहायला सांगा, आणि मागणी अशी ठेवा की विकणाऱ्याच्या हिश्श्यातून आधी हेच दोन एकर त्याच चतुःसीमेसह आमच्याकडे द्यावेत. वाटप करताना कोर्ट अशी सोय बघू शकतं. तरी कमी पडलंच तर विकणाऱ्याकडून भरपाई मागता येईल, खरेदीखतात 'हरकत निघाल्यास लिहून देणार जबाबदार' असं कलम आहे का ते पाहून ठेवा.

हुकुमाची खरी नक्कल काढा. झेरॉक्सच्या डागावर काही ठरवू नका.

काळीमाती, ११ जून, संध्याकाळी ७:१०
आज मायला घेऊन तालुक्याला गेलो. समितीच्या खोलीत बाई होत्या, फॉर्म त्यांनीच भरला, मायला बसायला खुर्ची दिली. वकील साहेब १३ ला भेटणार. नकलेचा अर्ज दिला. नोंदीचं काकाजींनी सांगितलं ते अपीलही वकिलांना विचारतो. ताई, एकच राहिलं. टोबू का? मायचा जीव थाऱ्यावर नाही, रोज थैल्यांकडे बघते.

दिवाणी_वकील, संध्याकाळी ७:४५
तुम्ही लिहिलेल्या ओळीत मनाई त्रयस्थाचे हक्क निर्माण करण्याला आहे, वहितीबद्दल त्यात काही नाही. तेवढाच हुकूम असेल तर वाही थांबवायचं कारण नाही, १३ ला वकिलांना पूर्ण हुकूम दाखवून पक्कं करा. ताबा २०१९ पासून मायचा आहे, तो दिसत राहू द्या. यंदाची ई-पीक पाहणी मायच्या नावे न चुकता करा, बियाण्याचं बिलही त्यांच्याच नावाचं ठेवा.

माजी_मंडळअधिकारी, संध्याकाळी ८:०२
आणि २०१९ पासूनचे शेतसाऱ्याच्या पावत्या, पीकपेरे काढून ठेवा. जुना पीकपेरा तलाठ्याकडे मिळेल. त्या दीड एकरवाल्याला कोणी कळवलं का?

काळीमाती, संध्याकाळी ८:२०
बिल माझ्या नावाचं आहे काकाजी, उद्या दुकानदाराकडून बदलून मिळते का बघतो. दीड एकरवाल्याला अजून नाही सांगितलं. त्याच्या पोरीचं लग्न झालं मे महिन्यात, कर्ज काढून. सकाळी जातो त्याच्याकडे.