'सातत्यपूर्ण विदा सामायिक करणे' म्हणजे नेमकं काय करणे?

भाषांतरकार :

एका माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. विषय साधा आहे. माल बनवणारा, घाऊक घेणारा आणि किरकोळ विकणारा यांच्या संगणकांत एकाच वस्तूची नोंद एकसारखी असावी, आणि कुणी बदल केला तर तो सगळ्यांना कळावा. यंत्राने पहिल्याच वाक्याचं भाषांतर असं काढून दिलं : 'व्यापारी भागीदारांमध्ये सातत्यपूर्ण उत्पादन विदा सामायिक करणे'. ('विदा' म्हणजे डेटा.) यातला एकही शब्द कोशात नाही असं नाही. पण वाक्य तीनदा वाचलं तरी हाताला काही लागत नाही.

अडलेले शब्द : कन्सिस्टंट, शेअर, ट्रेडिंग पार्टनर, मास्टर डेटा, सिंक्रोनायझेशन, डेटा पूल. या कामात असलेल्यांनी सुचवावेत. 'सगळे इंग्रजीच ठेवा' हे उत्तर मला माहीत आहे, ते कृपया देऊ नये.

हिशेबनीस :

तुमच्या वाक्यात तीन शब्द दुसऱ्याच घरचे आहेत.

'सातत्य' काळाशी बांधलेलं असतं. रोज पहाटे पाचला उठणाऱ्याच्या अंगी सातत्य असतं. इथे काळाचा प्रश्नच नाही, आज या क्षणी दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही एवढंच विचारायचं आहे. त्याला 'एकसारखी' म्हणा, 'जुळणारी' म्हणा. 'सुसंगत' थोडा सैल पडतो, कारण दोन नोंदी वेगळ्या असूनही सुसंगत असू शकतात. एकाकडे 'निळा' आणि दुसऱ्याकडे 'आकाशी' असेल तर विसंगती नाही, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वस्तू झाल्या.

'भागीदार' तर सरळ चुकीचा. भागीदार नफ्यातोट्यात वाटेकरी असतो. माल विकणारा आणि विकत घेणारा यांचे हितसंबंध बऱ्याचदा उलटे असतात. तो पाच पैसे जास्त मागतो, हा पाच पैसे कमी देतो. ते 'व्यवहारातले पक्ष'. 'घेणारे-देणारे' सुद्धा चालेल, पण छापील मजकुरात जरा घरगुती वाटेल.

आणि 'सामायिक' म्हणजे दोघांच्या मालकीचं. भिंत सामाईक असते, विहीर सामाईक असते. वस्तूची माहिती मात्र बनवणाऱ्याची असते, तो ती इतरांना कळवतो. 'कळवणे' इतका सोपा शब्द असताना 'सामायिक करणे' कशाला?

गोदामवाला :

शब्दांचं मला फार कळत नाही, पण माहिती न जुळल्याने काय होतं ते रोज बघतो.

ऑर्डर येते : १०. दहा काय? देणाऱ्याच्या नोंदीत एकक पेटी, घेणाऱ्याच्या नोंदीत नग. त्याला हवे दहा नग, इकडून निघतात दहा पेट्या, एका पेटीत चोवीस नग. दोघांच्याही संगणकात 'दहा' बरोबरच आहे. म्हणून नगाचा क्रमांक वेगळा, आतल्या पुडक्याचा वेगळा, पेटीचा वेगळा असं ठेवतात, आणि कुणाच्या पोटात कोण किती हे नोंदीतच लिहितात. नगावर बहुधा १३ आकडी जीटीआयएन (जगभर चालणारा वस्तूचा ओळख क्रमांक) असतो, पेटीवर १४ आकडी. आम्ही त्याला 'जी-टिन' म्हणतो.

भाषांतरात 'एकक' लिहा हवं तर, पण गोदामात 'नग' आणि 'पेटी' याच शब्दांवर काम चालतं. ते बदलू नका.

संगणकवाली :

मास्टर डेटाबद्दल. काही जण 'प्रधान विदा' लिहितात, परिभाषेत 'आधारसामग्री' वाचलाय. 'विदा' मला स्वतःला आवडतो, पण बोलताना कुणी वापरत नाही, मग 'डेटा'च उरतो.

शब्द निवडायच्या आधी हे बघा की मास्टर कशाच्या तुलनेत. रोज बदलतं ते बिल, ऑर्डर, पावती. जे क्वचित बदलतं आणि प्रत्येक बिलात पुन्हा पुन्हा लागतं ते म्हणजे वस्तूचं नाव, क्रमांक, निव्वळ वजन, ढोबळ वजन, मापं, पेटीतले नग, वर्गवारी. बिल ही घटना, आणि ही त्या वस्तूची ओळख. म्हणून मी 'मूळ नोंद' म्हणेन. 'मुख्य' म्हटलं की बाकीच्या नोंदी दुय्यम वाटतात, आणि बिल दुय्यम आहे असं तुमच्या हिशेबनीसांना सांगून बघा!

सिंक्रोनायझेशनला 'समक्रमण' रूढ आहे, पण त्यात पुन्हा तोच काळाचा घोटाळा. दोन घड्याळं समक्रमित होतात. इथे जगभरच्या व्यवस्थेत घडतं ते असं : बनवणारा आपली मूळ नोंद एका डेटा पूलमध्ये, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या आणि पुढे पोचवणाऱ्या संगणकी भांडारात भरतो. त्या नोंदीची जुजबी ओळख एका जागतिक नोंदवहीत लागते. पूर्ण नोंद तिथे जात नाही, ती पूलमध्येच राहते. विकत घेणारा आपल्या पूलमार्फत सांगून ठेवतो की मला अमुक बनवणाऱ्याचा, अमुक वर्गाचा, अमुक देशात विकायचा माल दाखवा. जिथे दोन्ही बाजू जुळतात तिथे नोंद एका पूलमधून दुसऱ्यात आणि तिथून घेणाऱ्याकडे जाते. मग घेणारा उत्तर देतो : पोचली, स्वीकारली, जुळवून घेतली, पुन्हा तपासा, किंवा नाकारली. पुढे मूळ नोंदीत काही बदललं की हीच फेरी पुन्हा. ही व्यवस्था २००४ साली सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं जीएस१ हे नाव २००५ पासूनचं.

एक गोष्ट पुस्तिकेत ठळक यायला हवी. नोंदी जुळल्या म्हणजे त्या बरोबर आहेत असं नाही. मुळातच वजन चुकलं असेल तर ती चूक चोख जुळून सगळ्यांकडे पोचते.

हिशेबनीस :

वर 'मूळ नोंद', 'पोचली', 'जुळवून घेतली' वाचून बरं वाटलं, कारण हे सगळं जुन्या वहीखात्यात आहे. तिथला शब्द 'रुजुवात'. एका वहीतली कलमं दुसऱ्या वहीशी एकेक करून ताडून पाहणं म्हणजे रुजुवात घालणं. हल्ली 'रुजवात' म्हणजे काहीतरी नवं रुजवणं असा अर्थ वर्तमानपत्रांत दिसतो. बहुधा 'रुजणे' या क्रियापदाने त्याला ओढून नेलं. दोन अर्थ एकाच वेळी फिरत असल्यामुळे तुम्ही तो वापराच असं म्हणत नाही.

दुसरा शब्द 'मेळ'. जमाखर्चाचा मेळ बसतो किंवा बसत नाही. रोजच्या रोकडीच्या वहीला 'रोजमेळ' म्हणतात. त्याच धर्तीवर 'नोंदमेळ' का नको?

संगणकवाली :

'नोंदमेळ' छान आहे, पण एक शंका. रुजुवात काय, रोकडीचा मेळ काय, दोन्ही व्यवहार झाल्यानंतर. दिवस संपला, वह्या उघडल्या, कुठे चुकलं ते शोधलं. इथे सगळी धडपड व्यवहाराच्या आधीची आहे. पहिली ऑर्डर जाण्याआधी नोंद घेणाऱ्याकडे असली पाहिजे.

हिशेबनीस :

मान्य. 'रुजुवात' नंतरचीच. पण मेळ आधीही घालता येतो. गाणारा आणि वाजवणारा मैफल सुरू व्हायच्या आधी मेळ घालतात.

भाषांतरकार :

हे पटलं. आता नवी अडचण. मापांच्या प्रकरणात हाइट, विड्थ, डेप्थ आहे. मी उंची, रुंदी, खोली लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहून पाठवलं : 'टूथपेस्टच्या खोक्यात खोली कुठून आली? भाड्याने द्यायची आहे का?'

गोदामवाला :

बाईंचं चुकलं नाही. आणि 'खोली' हा शब्द सोडला तरी घोळ उरतोच. मराठीत लांब बाजू म्हणजे लांबी आणि आखूड बाजू म्हणजे रुंदी. कापडाला तर पन्हाच वेगळा. जीएस१च्या मोजमापाच्या नियमांत तसं नाही.

नग असेल तर आधी दर्शनी बाजू ठरवायची. ग्राहकाला दाखवायच्या बाजूंपैकी जिचं क्षेत्रफळ सगळ्यांत मोठं ती. त्या बाजूकडे तोंड करून उभं राहायचं : डावीकडून उजवीकडे रुंदी, खालून वर उंची, पुढून मागे तिसरं माप. आडव्या टूथपेस्टच्या खोक्याची रुंदी १९० मिलिमीटर आणि उंची ४५ येते. आपल्या तोंडात '१९० लांबी' येतं, आणि तिथेच आकडा चुकीच्या रकान्यात पडतो.

पेटीला नियम निराळा. पेटी तिच्या नैसर्गिक तळावर ठेवायची. तळाची मोठी बाजू लांबी, छोटी बाजू रुंदी. म्हणजे नगात रुंदी सगळ्यांत मोठं माप असू शकते आणि पेटीत ती लांबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. शब्द तोच.

आमच्याकडे एकदा काय झालं ते सांगतो. पेटी ४०० बाय ३०० तळाची, उंची २५०. बनवणाऱ्याच्या माणसाने ती कुशीवर पाडून मापली आणि तळ ४०० बाय २५०, उंची ३०० असं भरलं. नोंद व्यवस्थित जुळली, आमच्याकडे आली. आमच्या संगणकाने १२०० बाय १००० च्या पॅलेटवर एका थरात बारा पेट्या, पाच थर, एकूण साठ असा हिशेब केला. आल्या साठच. पण प्रत्यक्षात एका थरात दहा आणि थर सहा. गंमत अशी की चळतीची उंची दोन्हीकडे १५०० मिलिमीटरच, त्यामुळे बाहेरून काही वावगं दिसेना. उतरवून घेणारा पोरगा नवा. त्याने वरच्या थरातल्या दहा मोजल्या, पडद्यावर 'थर ५' वाचलं, पन्नास लिहून मोकळा झाला. दहा पेट्यांचे पैसे कापले गेले. पुढे तीन आठवडे फोनाफोनी, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या पडद्याकडे बोट दाखवून 'आमची नोंद बरोबर आहे' म्हणत होते. एकाच चुकीच्या नोंदीकडे!

त्यामुळे 'खोली' काढून 'पुढून मागे' असंच लिहा. रकान्याचं नाव लांबलं तरी चालेल.

भाषांतरकार :

'दर्शनी रुंदी', 'उंची', 'पुढून मागे'. पेटीसाठी 'तळाची लांबी', 'तळाची रुंदी', 'उंची'. ठरलं.

आणखी दोन शब्द. 'पब्लिश' आणि 'चेक डिजिट', म्हणजे क्रमांक बरोबर आहे का ते तपासायला त्याच्या शेवटी जोडलेला अंक.

संगणकवाली :

'प्रकाशित करणे' नको. प्रकाशित म्हणजे चारचौघांत. इथे नोंद ज्याला दाखवायची त्यालाच जाते, नव्या मालाची नोंद बाजारात येण्याआधी एकाच घेणाऱ्याला दाखवता येते. 'पाठवणे' पुरे. समोरून येतं त्याला 'पोच' म्हणा. मात्र 'पोच' आणि 'स्वीकार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांभाळा. नोंद मिळाल्याची पोच देऊनही घेणारा ती नाकारू शकतो.

हिशेबनीस :

चेक डिजिटला 'तपासणी अंक' लिहितात. माझ्या मते 'ताळा अंक'. गणित सोडवलं की शाळेत ताळा करून बघायचो, तोच हा ताळा. पडताळणे, ताळेबंद, ताळमेळ या सगळ्यांत तो आहे.

करून दाखवतो. नमुन्यासाठी राखून ठेवलेल्या ९५२ ने सुरू होणारे बारा आकडे घ्या : ९५२१२३४५६७८९. डावीकडून विषम स्थानांची बेरीज ९+२+२+४+६+८ = ३१. सम स्थानांची ५+१+३+५+७+९ = ३०, तिची तिप्पट ९०. एकूण १२१. पुढचा दहाच्या पटीतला आकडा १३०, फरक ९. म्हणून तेरावा अंक ९. कुणी एक आकडा चुकवला की ताळा हमखास बिघडतो. शेजारचे दोन आकडे उलटे टाकले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं. त्या दोघांत पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा ३ आणि ८, तर मात्र निसटतं.

गोदामवाला :

ताळा अंक क्रमांकाचाच ताळा घेतो, मालाचा नाही, हेही लिहा. खोक्यातला माल बदलला आणि क्रमांक जुनाच ठेवला तर ताळा बरोबरच येणार. नियमाने वेष्टनावर छापलेलं निव्वळ प्रमाण बदललं की नवा क्रमांक. कुठलंही एक माप किंवा ढोबळ वजन २० टक्के किंवा जास्त बदललं तरी नवा क्रमांक. आणि २०१९ पासून एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या मालाला द्यायचा नाही, जुना माल बंद झाला तरीही.

भाषांतरकार :

पहिलं वाक्य आता असं झालंय : 'व्यवहारातल्या सर्व पक्षांकडे वस्तूची मूळ नोंद एकसारखी असावी आणि त्यात झालेला बदल प्रत्येकाला कळवला जावा; यालाच या पुस्तिकेत नोंदमेळ म्हटले आहे.' यंत्राच्या वाक्यापेक्षा तिप्पट लांब आहे. तपासणाऱ्या बाईंनी यावर काही लिहिलं नाही, म्हणजे पास.

राहिला डेटा पूल. 'माहितीचा तलाव' लिहून पाहिला, त्यात सगळे बुडायला लागले. 'साठा' लिहिला तर माल साठवल्यासारखा वाटतो.

हिशेबनीस :

'डेटा पूल'च ठेवा. मराठी वाचणारा पूल म्हणजे नदीवरचा समजेल. समजू दे. संगणकवालीने वर जे सांगितलं, या काठावरची नोंद त्या काठावर नेणं, ते तोच तर करतो.